जास्तीचे दोनशे दहा ग्रॅम

पार्सल अडकलं ते अण्णांच्या अचूकपणामुळे. दुसऱ्या कुणी तो खोका पाठवला असता, तर यादीवर ‘घरगुती सामान, अंदाजे तीन किलो’ एवढं खरडून तो मोकळा झाला असता आणि खोका बिनबोभाट लेकीच्या हातात पडला असता. पण ‘अंदाजे’ हा शब्द अण्णांनी उभ्या आयुष्यात कागदावर उतरवला नव्हता. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं पॅकिंग आणि डिस्पॅच सांभाळलं. तिथे लोक त्यांना तोंडावर काटेसाहेब म्हणत आणि पाठीमागे नुसतं काटा. पेटीत पंप किती, नट किती, भुसा किती आणि पेटीवर मारलेले खिळे किती ग्रॅमचे, सगळं त्यांच्या यादीत असायचं. निवृत्त होताना कारखान्याने दिलेलं घड्याळ त्यांनी घरी आणून आधी वजनकाट्यावर ठेवलं, असं त्यांचा जावई रंगवून सांगतो. अण्णा ते नाकारत नाहीत.

परदेशी शिकायला गेलेल्या लेकीला महिन्याच्या महिन्याला जाणारा खोकाही याच शिस्तीत निघे. सोबत रेघा मारलेल्या कागदावर यादी. स्वेटर, राखाडी, एक. डोक्याचं तेल, बाटली एक, झाकणाला चिकटपट्टी. रंगीत खडूची चित्रं, अकरा, पैकी दोन दोन्ही बाजूंनी. आणि दर वेळी शेवटची ओळ एकच: पाऊल, उजवं, पेन्सिलीने काढलेलं, कागद एक.

ते पाऊल भिंगरीचं. भिंगरी म्हणजे अण्णांची नात. पाय फुटल्यापासून ती जागच्या जागी गरागरा फिरायची आणि पडली की हसायची, म्हणून ते नाव पडलं ते पडलं. आई निघाली तेव्हा ती दोन वर्षं एक महिन्याची होती. आता पावणेतीन. तिचं पाऊल कागदावर ठेवून अण्णा भोवती पेन्सिल फिरवायचे, गुदगुल्या झाल्या की ती पाय ओढायची, रेघ वाकडी जायची, आणि अण्णा त्या वाकड्या रेघेशेजारी बारीक अक्षरात लिहायचे, ‘येथे हलली’. आईच्या खोलीत पलंगाजवळच्या भिंतीवर अशी सात पावलं एकाखाली एक लावलेली होती. पहिलं आणि सातवं यांत दीड सेंटिमीटरचा फरक होता. आई झोपण्याआधी त्यांवरून बोट फिरवायची. ‘येथे हलली’पाशी बोट थोडं थांबायचं.

विद्यापीठात तिला सगळे ताई म्हणत, तेव्हा आपणही ताईच म्हणू. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या त्या वर्गात बेचाळीस जण होते. बाकीचे सगळे बावीस-तेवीसचे, ताई एकतीसची. इथे येण्याआधी तिने एका छोट्या कंपनीच्या निर्यात विभागात सात वर्षं कागद केले होते. बीजक, पॅकिंग लिस्ट, जहाजाची पावती, मालाच्या मूळ देशाचा दाखला. माल कुठे जायचा नाही? ज्या बंदरांची नावं तिने टाइप केली ती नकाशात दाखवायला सांगा, डोळे मिटून दाखवील. पण बैठकीची वेळ आली की साहेब मंडळी आत जात आणि ताई बाहेर छपाईयंत्राशी उभी. तिला आत जायचं होतं. त्या दाराच्या आत काय बोलतात, कोण आधी गप्प बसतं, किंमत कोणाच्या तोंडून पहिली निघते, हे तिला जाणून घ्यायचं होतं. अर्ज तिने भिंगरी पोटात असताना केला, पहिल्या वर्षी नंबर लागला नाही, दुसऱ्या वर्षी पुन्हा केला, आणि लागला तेव्हा भिंगरी बोलायला लागली होती.

“जा,” नवरा म्हणाला होता. “नाहीतर पुढची तीस वर्षं भांडी घासताना मला ऐकवशील.”

त्याचं म्हणणं खरं होतं. भांडी तोच घासायचा, पण ऐकवलं तिनेच असतं.

वर्गात ताईचा भाव वधारला तो कागदांमुळे. गटाने प्रकल्प करायचा म्हटला की पोरं बाजारपेठेवर, स्पर्धेवर, ग्राहकाच्या मनावर तासन्‌तास बोलत, आणि शेवटी माल नक्की कोणत्या कागदावर देशाबाहेर पडणार असा प्रश्न आला की सगळ्यांच्या माना ताईकडे वळत. तिला ‘कागदताई’ही म्हणत, पण प्रेमाने. वर्ग घेणाऱ्या मॅडम स्वतः वीस वर्षं बंदरावर काम करून आलेल्या. त्यांचा आवाज माल उचलणाऱ्या यारीच्या आवाजावर मात करून करून जाड झाला होता. त्यांची एक सवय होती. मालाची जबाबदारी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे नक्की कुठल्या क्षणी जाते हे शिकवताना त्या हातातलं पेन वर फेकायच्या आणि ते हवेत असतानाच कुणाकडेतरी बोट रोखून विचारायच्या, “आत्ता जोखीम कोणाची?” उत्तर यायच्या आत पेन खाली पडलेलं असायचं.

वर्गातली पोरं हसत. ताईही हसायची, पण पेन हवेत असताना तिची नजर त्यावरून हटायची नाही. तिला विमानतळाचं काचेचं दार दिसायचं. अलीकडे ती, पलीकडे नवऱ्याच्या खांद्यावर भिंगरी. दार सरकून बंद झालं तो क्षण की त्याआधीचा, की त्याच्याही आधी, घरातून निघताना?

कारण निघताना फार वाईट झालं होतं. टॅक्सी दाराशी उभी, सामान बाहेर गेलेलं, आणि ताईची डावी चप्पल सापडेना. तपकिरी चामड्याची, जुनी, पट्टा एकदा शिवून घेतलेली, प्रवासाला सोयीची. उजवी जागेवर, डावी गायब. घरातली तिन्ही मोठी माणसं पलंगाखाली, कपाटामागे, कचऱ्याच्या डब्यातसुद्धा डोकावून आली. मग ताईच्या लक्षात आलं. पाहुणे जायला निघाले की त्यांचं एक पायताण दडवायचं, हा त्या दिवसांतला भिंगरीचा आवडता उद्योग. पायात घालायला नसलं तर माणूस जातो कसा? आत्या गेल्या वेळी त्यापायी अर्धा तास जास्त बसली होती, आणि सगळे कौतुकाने हसले होते.

त्या दिवशी कुणी हसलं नाही. ताईने तिला विचारलं, समजावलं, मग दंडाला धरून हलवलं आणि ओरडली. भिंगरीने ओठ मिटून मान हलवली. शेवटी नवऱ्याने कपाटातून बूट काढून दिले, ताईने ते घातले, नाडी बांधली, आणि मान वर करते तो समोर भिंगरी तिच्या पायांकडे बघत उभी. तोंडावर राग नव्हता, रडू नव्हतं. बूट दडवायचे राहूनच गेले, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं. ताईने तिला उचलून घेतलं, पण तोवर टॅक्सीवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला होता.

पुढचे तीन महिने भिंगरी फोनवर यायची. पडद्याला नाक लावायची, आईला खडू दाखवायची, चाटायची. मग हळूहळू येईनाशी झाली. आई आली म्हटलं की आजोबांच्या मागे दडायची. एकदा तिने फोनच उलटा करून टेबलावर ठेवला आणि निघून गेली. ताईला टेबलाचं लाकूड तेवढं दिसत राहिलं. नवरा म्हणाला, लहान आहे, खेळात असते, मनावर घेऊ नको. अण्णा म्हणाले, रुळली आहे बाळ, तू तिथे नीट अभ्यास कर. दोघांनीही धीर द्यायलाच म्हटलं होतं. रुळली या शब्दाने ताईला तीन रात्री झोप आली नाही, हे त्यांना तिने सांगितलं नाही.

आणि आता, आठव्या महिन्यात, तो शुक्रवार येऊन ठेपला होता. उन्हाळी सुट्टीत प्रत्येकाने तीन महिने कुठेतरी इंटर्नशिप करायची असा नियम. सगळ्यात मोठ्या जहाज कंपनीने वर्गातून एकच नाव उचललं, आणि ते नाव ताईचं होतं. काम कुठलं, तर थेट वाटाघाटींच्या विभागात. दाराच्या आत. मॅडमनी तिची शिफारस केली होती. होकाराचं पत्र शुक्रवारी चार वाजेपर्यंत द्यायचं. होकार दिला की सुट्टीत घरी जाणं नाही, म्हणजे अभ्यासक्रम संपेपर्यंत नाही, म्हणजे आणखी अकरा महिने. तोवर भिंगरी पावणेचारची झालेली असेल.

घरच्या देशात एखादी जागा बघून तिथे इंटर्नशिप करायला नियमाची आडकाठी नव्हती. “जिथून माल बाहेर पडतो असं कुठलंही गेट चालेल,” मॅडम सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या. पण असं गेट नाकापुढे सोन्याचं दार उघडलेलं असताना कोण शोधतो?

ताईने होकाराचं पत्र बुधवारीच लिहून ठेवलं. तिचा हिशेब साधा होता आणि तो तिने मनाला शंभरदा ऐकवला होता. तीन महिन्यांसाठी जायचं, पोरीला पुन्हा आपली सवय लावायची, आणि पुन्हा चप्पल शोधत निघायचं. ती विसरली असेल तर निदान तिचं विसरणं तरी शाबूत राहू दे. पत्राखाली सही तेवढी बाकी होती.

गुरुवारी दुपारी पार्सल तपासणी कार्यालयाची चिठ्ठी आली. यादीत लिहिलेलं वजन तीन किलो एकशे चाळीस ग्रॅम, प्रत्यक्ष वजन तीन किलो तीनशे पन्नास. दोनशे दहा ग्रॅमचा खुलासा होत नसल्याने खोका प्राप्तकर्त्याच्या समक्ष उघडला जाईल, शुक्रवारी सकाळी दहा ते बारा.

ताईने घरी फोन लावला. चिठ्ठी वाचून दाखवली. अण्णा म्हणाले, “पुन्हा वाच.”

तिने पुन्हा वाचलं.

“त्यांचा काटा तपासायला सांग.”

ताई म्हणाली, अण्णा, सरकारी कार्यालय आहे, मी त्यांना काटा तपासा कसं सांगू. त्यावर अण्णांनी पॅकिंगचा अख्खा दिवस तिच्यापुढे मांडला. गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी खोका भरला. लावायला लागेल तेवढी चिकटपट्टी आधीच कापून खोक्याबरोबर काट्यावर ठेवली, म्हणजे तिचंही वजन धरलं जातं. यादी लिहिली. मग दारावरची घंटा वाजली, शेजारच्या बाई इस्त्री मागायला आल्या होत्या, त्यांना इस्त्री दिली, परत येऊन खोका बंद केला. जावई कामावर जाता जाता तो टपालात देऊन आला. पावती? पावती त्याच्या खिशात असेल, नाहीतर धुण्यात गेली असेल; त्या माणसाच्या खिशात काय टिकतं? टपालवाल्यांनी कुठला आकडा टाकला हे अण्णांना दाखवलंच कुणी नाही. आपल्याच घरातून आपल्याच नजरेखाली चुकीची यादी बाहेर पडली, हा अण्णांना इतका मोठा धक्का होता की ते रात्री नीट जेवले नाहीत, असं नंतर नवऱ्याने सांगितलं. भिंगरी बाजूलाच होती का, असं ताईने सहज विचारलं. होती, अण्णा म्हणाले, पण तिचा काय संबंध? ती आपली चिकटपट्टीशी खेळत बसली होती.

शुक्रवारी ताई सव्वादहाला कार्यालयात पोचली. होकाराचं पत्र पिशवीत होतं. इथून परस्पर विद्यापीठात जायचं, सही करायची, द्यायचं आणि मोकळं व्हायचं. लांबोळकी खोली, लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर देशोदेशीचे खोके. टेबलामागच्या तपासणी बाई उंच, धिप्पाड, चष्म्याला दोरी. त्यांनी ताईचं ओळखपत्र पाहिलं, चिठ्ठी पाहिली, आणि अण्णांची यादी चष्मा वर-खाली करत दोनदा वाचली. एका अनुवादाच्या कागदावर प्रत्येक ओळीचा अर्थ कुणीतरी लिहून दिलेला होता.

ही यादी कोणी केली, त्यांनी विचारलं. वडिलांनी, ताई म्हणाली. डिस्पॅचमध्ये होते का? ताईने मान हलवली. बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. असा माणूस दोनशे दहा ग्रॅम चुकत नाही, त्या म्हणाल्या, आणि म्हणूनच तर अडवलं. बाकीच्या लोकांच्या याद्यांवर इथे कुणाचा विश्वासच नसतो.

त्यांनी पातं सरकवून पट्टी कापली. एकेक वस्तू काढायची, यादीत खूण करायची, टेबलावर मांडायची. स्वेटर नव्हता या वेळी. लोकरी मोजे, जोड दोन. तेलाची बाटली. चित्रं नऊ. पिवळा फ्रॉक, लहान झालेला, एक. तो ताईनेच मागवला होता. तिने नवऱ्याला हळूच सांगितलं होतं, एक जुना फ्रॉक न धुता पाठव. पण खोका अण्णांच्या हातात. मळका माल त्यांनी आजवर कधी रवाना केला नव्हता. फ्रॉक धुतलेला, इस्त्री केलेला आणि घडीत पातळ कागद घातलेला होता. ताईने तो नाकाशी नेला नाही. काय वास येणार हे तिला कळलं होतं.

पाऊल, उजवं, कागद एक. या वेळी ‘येथे हलली’ कुठेच नव्हतं. ताईने तो कागद हातात घेतला आणि बघत राहिली. सबंध रेघ एका दमात गेलेली. आता तिला गुदगुल्यासुद्धा होत नव्हत्या.

“आणि हे?” बाई म्हणाल्या.

खोक्याच्या तळाशी, मोज्यांच्या खाली, एक गोळा होता. चिकटपट्टीचा. पट्टी आडवी, उभी, तिरकी, स्वतःलाच चिकटलेली, सुरकुतलेली, टोकांना दातांचे ठसे. जगातल्या कुठल्याही डिस्पॅच खात्याने असं पॅकिंग बाहेर सोडलं नसतं. बाईंनी तो हातावर तोलला, मग टेबलावरच्या छोट्या काट्यावर ठेवला. दोनशे दहा. बोटांनी पट्टी सुटेना, तेव्हा त्यांनी हळूच कात्री लावली, आणि आतून डांबरगोळ्यांचा वास आला.

तपकिरी चामडं. शिवलेला पट्टा. डावी.

ताई खुर्चीवर बसली. डांबरगोळ्यांचा वास म्हणजे जादा रजयांची ट्रंक. ती निघाली त्या आठवड्यात तिला न्यायला पांघरूण हवं म्हणून ट्रंक उघडी पडलेली होती, आणि ती गेल्यावर बंद झाली ती झाली. ट्रंकेत कोण बघणार? मग आता थंडी सरली, अण्णांनी लोकरीचे कपडे आत टाकायला ट्रंक पुन्हा उघडली असणार, आणि आठ महिने जिने ओठ मिटून ठेवले होते तिने आपली वस्तू बाहेर काढली. कुणालाही न सांगता. आजोबा खोका भरताना बघत बसली. आईकडे काय जातं, कशातून जातं, ते तिला बरोबर ठाऊक होतं. घंटा वाजली, आजोबा दाराशी गेले.

म्हणजे ती विसरली नव्हती. फोन उलटा करून ठेवत होती तेव्हाही नाही.

बाई फॉर्म भरत होत्या. यादीबाहेरची वस्तू, तिचं वर्णन करावं लागणार होतं. चप्पल, वापरलेली, चामडी. किती? एक. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“एकच?”

“दुसरी घरी आहे,” ताई म्हणाली.

“उपयोग काय लिहू? हा रकाना रिकामा चालत नाही.”

ताईने चपलेच्या शिवलेल्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. बाईंनी घाई केली नाही. मागे कुणीतरी खोके सरकवत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“घरी जायला,” ताई म्हणाली.

बाईंनी थोडा विचार केला. मग त्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहिलं, शिक्का मारला आणि कागदी रुमालांचा डबा ताईच्या बाजूला सरकवला. त्या टेबलावर तो बहुधा याच कामासाठी ठेवलेला असावा.

कार्यालयाबाहेर पायऱ्या होत्या. ताईने खोका बाजूला ठेवला आणि तिथेच बसून फोन लावला. घरी दुपार कलली असेल, भिंगरी झोपून उठली असेल. अण्णांनी उचलला आणि पहिला प्रश्न केला, कोणाचा काटा चुकला?

“कोणाचाच नाही,” ताई म्हणाली. “अण्णा, भिंगरीला बोलवा ना.”

अण्णा म्हणाले, येते का बघतो, तुला माहीत आहे तिचं. पडद्यावर छत दिसलं, पंखा दिसला, सोफ्याची कड दिसली. त्या कडेमागून केसांचा एक झुपका. ताईने हाक मारली नाही. तिने चप्पल उचलून पडद्यासमोर धरली.

झुपका हलला. आधी एक डोळा आला, मग दुसरा. मग भिंगरी सोफ्यामागून बाहेर निघाली आणि पडद्याच्या इतकी जवळ आली की ताईला तिच्या गालावरची उशीची वळी दिसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. तिने चप्पल नीट बघितली, बाजूने, पट्ट्यापाशी, आपलीच का ती याची खात्री केल्यासारखी. अण्णा मागे उभे होते. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

“मी ठेवली,” भिंगरी म्हणाली.

“हो बाळा. मिळाली मला.”

भिंगरीने आधी चपलेकडे, मग आईकडे पाहिलं. तिच्या मते पुढचं सगळं उघड होतं, आणि आई नुसती चप्पल हातात धरून बसली आहे हे तिला काही पटलेलं दिसत नव्हतं.

“मग घाल,” ती म्हणाली. “घाल आणि ये.”

एवढं बोलून तिने पडद्याला नाक लावलं. ताईला नाकपुड्या तेवढ्या दिसल्या, आणि आवाज ऐकू आला तो श्वासाचा.

विद्यापीठात ताई अडीचला पोचली. मॅडम खोलीत एकट्या होत्या, डबा खात. ताईने पिशवीतलं पत्र काढलं नाही. उभ्यानेच सांगितलं की ती जागा दुसऱ्या कुणाला द्यावी, तिला सुट्टीत घरी जायचं आहे, तिथे एका पंपांच्या कारखान्याच्या डिस्पॅच गेटवर तीन महिने काम करता येईल, तिथली माणसं वडिलांच्या ओळखीची आहेत. तिने पाठ करून आणलेली कारणं होती, ती एकापाठोपाठ एक सांगितली. मॅडमनी ऐकून घेतलं. अशी जागा पुढच्या वर्षी मिळेल असं नाही, असं त्यांनी एकदा स्पष्ट सांगितलं. ताई म्हणाली, माहीत आहे. ते तिला खरंच माहीत होतं. ते दार पुन्हा बंद झालं होतं आणि आतलं बोलणं तिला या वर्षी तरी ऐकू येणार नव्हतं. हे ती पुढे कितीतरी दिवस मनात धरून राहणार होती, भिंगरी कुशीत असतानाही.

“खरं कारण?” मॅडमनी विचारलं.

ताईने पिशवीतून चप्पल काढून टेबलावर ठेवली आणि झालेलं सांगितलं. मॅडमनी डबा बंद केला. चप्पल उचलली, हातात तोलली. सवयीने वर फेकतात की काय असं ताईला वाटलं, पण त्यांनी ती तशीच, पट्टा न दुमडता, परत टेबलावर ठेवली. मग कपाटातून दुसरा फॉर्म काढला आणि घरच्या देशात इंटर्नशिप करणाऱ्यांनी कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं.

ताईने येत असल्याचं घरी कळवलं होतंच, संध्याकाळी अण्णांचा फोन आला. कारखान्यातल्या लोकांशी ते तोवर बोलूनही मोकळे झाले होते. गेटवर टेबल मिळेल, पण उन्हाचं बसावं लागेल, पंखा आहे, आवाज करतो. जावई म्हणतो, भांडी तीन महिने वाटून घ्यायची. यादीबद्दल ते स्वतःहून काही बोलले नाहीत. बोलले ते असं, की घंटा वाजली तरी उघड्या खोक्यापासून उठायचं नाही, हा नियम त्यांनी खात्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगितलेला असायचा आणि घरी तोच मोडला. मग घसा साफ केला.

“विमानात सामान किती किलो चालतं?”

ताईने आकडा सांगितला. तो त्यांनी लिहून घेतल्याचा आवाज आला. भिंगरी काय करते, तिने विचारलं.

“दाराशी बसली आहे,” अण्णा म्हणाले. “तुझी उजवी घेऊन. मी म्हटलं, अगं आज नाही येणार, अजून सव्वीस दिवस आहेत. ऐकत नाही. बसू दे म्हटलं.”

फोन ठेवल्यावर ताईने नवं पाऊल भिंतीवर सातव्याच्या खाली लावलं. अखंड रेघेवरून बोट फिरवलं. सोमवारच्या त्या सकाळी अजिबात न हलता उभी राहिली होती पोर. खोका लवकर भरून व्हावा म्हणून. मग तिने बूट काढले, डावी चप्पल पायात घातली, आणि एक पाय अनवाणी तशीच खोलीत इकडून तिकडे फिरत बॅगेत न्यायच्या वस्तूंची यादी करू लागली. चप्पल, डावी, एक, असं पहिल्या ओळीत लिहिलं. मग ती ओळ खोडली. ती पायातूनच जाणार होती.